मच्छिंद्राची खेळाची पेटी

कोल्हारच्या मोटारस्टँडमागं मच्छिंद्राचं दोन खणांचं घर होतं. तीस वर्षं भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपात सुतारकी करून तो एकाहत्तर साली गावी परतला. बायको लंकाबाई तिकडंच वारली होती, मूलबाळ नव्हतं. गावानं त्याला रामराम घातला, तंबाखू दिली; पण देवळाच्या ओट्यावर पत्त्यांचा डाव बसला की सरकून जागा कुणी देत नसे. तीस वर्षांच्या थट्टामस्करीत तो नव्हता. कोण कशावरून हसतंय हे त्याला उमगत नसे, आणि विचारलं की हसणं थांबे.

भिंगारच्या कॅन्टीनमध्ये त्यानं एक पेटी पाहिली होती. काचेखाली लोखंडी छर्रा पळायचा, दिवे लागायचे, आणि एकमेकांची भाषा न कळणारे जवान तिच्याभोवती खांद्याला खांदा लावून ओरडायचे. तसली पेटी ओसरीवर मांडली तर गाव आपल्या दारात येईल, असं त्याच्या मनानं घेतलं.

दिवाळीला काम सुरू झालं. खोक्यांच्या देवदारी फळ्यांना रंधा मारून त्यानं कंबरेइतकी उंच पेटी केली. वरच्या उतरत्या पाटाला सात भोकं पाडली, भोवती खिळे ठोकले, पलीकडच्या टोकाला दिव्यांची उभी फळी बसवली. छर्रे ट्रकच्या बेअरिंगमधले, छर्रा मारायच्या दांड्याची स्प्रिंग सायकलच्या सीटची. छर्रा भोकात पडला की पत्र्याची जीभ दबून बॅटरीचा बल्ब पेटे. मग आतल्या पन्हळीतून गडगडत तो खेळणाऱ्याच्या हाताजवळच्या वाटीत येई. त्या पन्हळीनं त्याचे दोन महिने खाल्ले. उतार जास्त झाला की छर्रा वाटीबाहेर उडे, कमी झाला की मध्येच बसून राही.

"आता अडायचं न्हाई हां," तो छर्र्याला म्हणे. दिवसभरात एवढंच काय ते बोलणं.

पैसा टाकायची फट त्यानं ठेवलीच नाही.

चैत्रात खळी उरकली आणि पेटी ओसरीवर आली. माणसं जमली, दिवा लागताच "आरं तिच्या!" झालं. दोन-दोन छर्रे मारून सगळे समोरच्या भिंतीच्या सावलीत जाऊन बसले. पेटीपाशी एकटा मच्छिंद्र उरला.

"मच्छिंद्रा, चीज झ्याक हाय," त्याच्या शाळेतला सोबती सूर्यभान तिथूनच म्हणाला. "पन उभ्यानं कसलं खेळायचं, गड्या? रेशनच्या रांगंला आलोय का आमी?"

"दिसभर उसाच्या पान्यावर उभंच हुतो," बाजूला बसलेल्या भिमाजीनं जोड दिली. "खेळ म्हंजी कसा, मांडी ठोकून!"

मच्छिंद्रानं पेटीच्या कडेवर हात ठेवला. जवान बुटासकट यायचे, उभ्याउभ्या खेळून जायचे. त्यानं पेटीबरोबर त्यांची उंचीही मनात जपून आणली होती. आपल्या गावात उभं राहून कुणी कधी खेळलं नाही, हे तो कोल्हारचा असून विसरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं करवत काढली. पायांबरोबर पेटीचं अर्धं पोटही कापावं लागलं, आणि पन्हळीचा उतार गेला. छर्रे आतच साचू लागले. दुपारपर्यंत खटपट करून त्यानं नाद सोडला, पोटाची मागची फळी काढली आणि तिथं स्वतःच बसला. छर्रा पडला की उचलायचा, हात लांबवून वाटीत सोडायचा.

त्या दुपारी ओसरी भरली. माणसं मांडी घालून बसली, सरकून एकमेकांना जागा देऊ लागली. शिव्या झाल्या, पैजा लागल्या. दिव्यांच्या उभ्या फळीमुळं मच्छिंद्राला कुणाचं तोंड दिसत नव्हतं. पण धाडकन आलेला छर्रा भिमाजीचा आणि रेंगाळत आलेला सूर्यभानचा, एवढं त्याला कळू लागलं होतं. पलीकडं एकदम मोठा हशा झाला. कशावर, ते त्याला कळलं नाही. तरी तोही हसला.

"मच्छिंद्रा, म्होरं ये की! एक डाव तुजा," सूर्यभान ओरडला.

"आलो असतो. पन मग छर्रा कोन देईल?"



"त्येबी खरंच हाय," सूर्यभान म्हणाला, आणि त्यानं दांडा ओढला.