टपाचं बटण

माझ्या लग्नाचा विषय निघाला की माहेरची माणसं अजून त्या गाडीबद्दल बोलतात आणि मी काहीतरी काम काढून आत निघून जाते. लातूर तेव्हा नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं. माझे सासरे लातूरचे व्यापारी, त्यामुळे जिल्हा जणू त्यांच्याच घरात झाला होता. वरात जीपमधून कशी काढायची, जिल्ह्याच्या गावाला शोभली पाहिजे, म्हणून त्यांनी हैदराबादहून कुणाची तरी जुनी विलायती मोटार भाड्यानं आणली. तिचा कापडी टप बटण खाली दाबलं की आपोआप मागं जाऊन बसायचा आणि वर दाबलं की पुन्हा डोक्यावर यायचा. दुष्काळाचे दिवस. टँकरपाशी घागरींची रांग लागलेली आणि त्या रांगेला चिकटून ही गाडी हॉर्न वाजवत आमच्या अहमदपुरात शिरली. मला तिथंच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमचे आप्पा एसटी स्टँडजवळच्या दुकानात मोटारींचं इलेक्ट्रिक काम करायचे. हॉर्न, डायनामो, वायरिंग, जे येईल ते. नुसत्या आवाजावरून ते गाडीचं दुखणं ओळखत. पण काही वर्षांपासून त्यांना दिसायचं कमी झालं होतं. आम्ही नांदेडला डॉक्टरांकडं जाऊन आलो. डोळ्यांची नस सुकत चाललीय, उपाय नाही, असं त्यांनी सांगितलं.

दुकानाच्या मागच्या बाजूला गोणपाटाचा पडदा होता. गिऱ्हाईक आलं की आप्पा वस्तू कानाशी धरून हलवत, "आतून करून आणतो" म्हणत आणि पडद्याआड येऊन ती माझ्या हातात देत. बारीक स्क्रू, स्प्रिंगा, वायरींचे जोड, सगळं माझ्याकडं. हे आईशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. आप्पांची नजर गेलीय हे कळलं असतं तर गिऱ्हाईक तुटलं असतं, आणि मी पाना-पक्कड चालवते हे कळलं असतं तर माझी सोयरीक. आम्ही दोघांनी एकमेकांची अब्रू धरून ठेवली होती म्हणा ना.

लग्न लागलं. आमच्याकडं अक्षतांना ज्वारी वापरतात. त्या वर्षी चांगली ज्वारी डोक्यावर उधळायला आईचा हात धजेना. तिनं चाळणीखालची पोचट, बारीक ज्वारी कुंकवात रंगवली. "रंगवल्यावर कोण बघायलंय?" म्हणाली. खरंच कुणी बघितलं नाही. आम्ही नवरा-नवरी टप उघडलेल्या गाडीत बसलो, गल्लीगल्लीतून बायकांनी उरलेल्या अक्षता आमच्यावर टाकल्या आणि वरात गावाबाहेर नांदेड-लातूर रस्त्याच्या फाट्यावर आली. तिथून टप लावून थेट लातूर गाठायचं होतं.

ड्रायव्हरनं बटण वर दाबलं. टप गुरगुरत उठला. माझ्या मुंडावळ्या त्यात अडकल्या म्हणून त्यानं बोट काढलं, मुंडावळ्या सोडवल्या आणि पुन्हा दाबलं. काही नाही. टप अर्ध्यावर उभा राहिला, वाऱ्यानं उलटलेल्या छत्रीसारखा. त्यानं पुन्हा दाबलं, डॅशबोर्डावर दोन थापडा मारल्या. काही नाही. असा अर्धा टप घेऊन निघालं तर वाऱ्यानं फाटेल म्हणून तो गाडी हलवायला तयार होईना, आणि भर उन्हाचं उघड्या गाडीतून जायला सासरे. वऱ्हाड भोवती जमलं. मग सासऱ्यांना आठवलं आणि ते मोठ्यानं हसले.

"अहो, आपले व्याहीच इलेक्ट्रिकवाले हैत की! बोलवा त्यांना. बघू तरी त्यांची कला."

लेकीच्या लग्नात बापाला असं कामाला बोलावतात का? पण आप्पा आले. नवा फेटा, नवं धोतर आणि हातात दुकानातली पिशवी. माणसं बाजूला सरली तशी मला त्यांची चाल दिसली, जपून, पाय चाचपत टाकलेली. ते गाडीच्या दारात, ड्रायव्हरच्या सीटच्या कडेला बटण होतं तिथं, माझ्या पायाशी उकिडवे बसले. बटण खाली दाबलं, गुर्र झालं. वर दाबलं, शांत.

"बॅटरी चांगली हाय, मोटर चांगली हाय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "दुखणं बटणातच हाय."

अगदी बरोबर होतं. पण आता बटण उघडायचं होतं. त्यांचा स्क्रू ड्रायव्हर स्क्रूच्या खाचेच्या शेजारी पत्र्यावर घसरायला लागला. एकदा, पुन्हा, पुन्हा. फेट्याखालून घाम कपाळावर ओघळत होता. मागून कुणीतरी हसलं. सासरे डोकावून म्हणाले, "काय व्याही, हात थरथरून ऱ्हायले की!" मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर आप्पांची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून स्वतःची आणखी लाज वाटली.

मग मला एक सुचलं. मी हंबरडा फोडला. "आप्पा!" म्हणून वाकले आणि त्यांच्या गळ्यात पडले. पदर दोघांच्या डोक्यावरून खाली ओढला. पाठवणीच्या वेळी नवरी बापाच्या गळ्यात पडून रडते, त्यात कुणाला काय वावगं दिसणार? बायकांनी लगेच डोळ्याला पदर लावले. पुरुष मागं सरकले, शेजारी बसलेला नवराही गाडीतून उतरला. पदराच्या आत मी आप्पांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि मोठमोठ्यानं रडत बटण उघडलं. आत खटक्याच्या वरच्या बाजूला एक दाणा अडकला होता. लाल, पोचट. भरलेला दाणा बटणाच्या फटीतून आत गेलाच नसता. आईच्या काटकसरीनं गाडी अडवली होती. मी सेफ्टी पिनेनं तो काढला, मुठीत दडवला आणि स्क्रू पुन्हा बसवले.

"काय होतं गं माय?" आप्पांनी कानाशी विचारलं.

"आपलीच ज्वारी," मी म्हणाले आणि पुन्हा हुंदका काढला. डोळ्यांत टिपूस नव्हतं. बाहेर माझी आई मात्र खरंखुरं रडत होती.

टप वर आला. सासऱ्यांनी आप्पांची पाठ थोपटली. "सगळ्या लातूरला सांगतो, असा हात आख्ख्या जिल्ह्यात न्हाई!" आप्पा मान खाली घालून उभे राहिले. गाडी सुटली.

सासऱ्यांनी शब्द पाळला. मांडवपरतणीला मी माहेरी आले तर दुकानाच्या फळीवर लातूरहून आलेल्या वस्तूंचा ढीग. सगळं बारीक काम. आप्पा प्रत्येकाला "उद्या या" म्हणत होते. त्यांची अब्रू राखायला गेले आणि मीच ती गिऱ्हाइकांच्या तावडीत देऊन आले होते. मी ढिगातला वरचा हॉर्न उचलून पडद्याआड जाऊन बसले. हिरवा चुडा वाजू नये म्हणून बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि तो उघडला.

काम संपत आलं तेवढ्यात त्या हॉर्नचा मालकच आला. लातूरचा, सासऱ्यांच्या ओळखीचा. आता आप्पा पुन्हा "उद्या या" म्हणतील, असं मला वाटलं.

"मला दिसंना झालंय," आप्पा म्हणाले. "ते गाडीचं बटण बी माझ्या लेकीनं केलं."

तो माणूस खो खो हसला. "थट्टा बरी करता की आप्पा! नवरी पोर काय बटण करती?"

मला राहवलं नाही. हॉर्न तयार झाला होता. मी पदर डोक्यावर घेतला, पडद्याच्या दुसऱ्या टोकानं बाहेर आले आणि बॅटरीला लावून तो वाजवून दाखवला. काळे हात लपवले नाहीत. त्या माणसानं हॉर्न माझ्या हातून घेतला, पण बोलला आप्पांशीच.

"पोरीच्या हातून देऊन ऱ्हायले, पण कला तुमचीच. म्या काय वळखत न्हाई व्हय?"

आप्पा हसले. खूप दिवसांनी मोकळे हसले. "बघ माय," ते म्हणाले, "खरं सांगून बी पटंना गेलंय."

हॉर्न देऊन मी त्यांच्या उजव्या हाताला सरकले होते, बांगड्या वाजल्या नव्हत्या. ते डावीकडं तोंड करून, गोणपाटाच्या पडद्याशी बोलत होते.

त्या माणसाचं हसू जागीच थांबलं. त्यानं एकदा आप्पांकडं पाहिलं, एकदा माझ्या हातांकडं, आणि मान खाली घातली. आप्पा अजून पडद्याकडं बघून हसत होते.