क्लेमचं फाटक

क्लेम ड्रमंडचा हवामान खात्यावर विश्वास नव्हता, टपालवाल्यावर नव्हता आणि माझ्यावर तर मुळीच नव्हता. मी गाईड. उन्हाळ्यात, म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धात डिसेंबर ते फेब्रुवारी, पाहुण्यांना साउथलंडमधल्या आमच्या नदीवर ट्राउट मासे पकडायला नेते, त्यावर माझं वर्ष निघतं. वरच्या डोहांकडे जायची वाट एकच, तीही क्लेमच्या मेंढ्यांच्या कुरणातून.

फाटकाशी तो साबणाच्या पाण्याची बादली घेऊन उभा असायचा. शेजारच्या खोऱ्यात ‘दगडाचा शेंबूड’ आला होता. ओल्या लोकरीसारखं तपकिरी शेवाळ; थेंबभर पाण्यातून आलं तरी अख्खी नदी नासते. क्लेम पाहुण्यांचे बूट हुंगायचा, मोजे पिळायला लावायचा.

“हा कुठला?”

“जर्मनीचा.”

“ते दिसतंय गं. काल कुठल्या नदीत उभा होता ते विचार.”

डिसेंबरात एकाच्या बुटाची नाडी ओली निघाली. क्लेमने फाटकाला कुलूप ठोकलं.

“या मोसमात बंद, हेदर. रडायचं तर घरी जाऊन रड.”

माझा नुसता संताप झाला. मग मलाही संशय यायला लागला. शेवाळाचं निमित्त करून म्हाताऱ्याला सगळे डोह एकट्याला हवे असणार! मी रस्त्यावरून दुर्बीण लावून बघायचे. तो वाकून दबकत जायचा, मागे त्याची कुत्री फर्न. दोरी डोक्यावरून भिरकावून गळाला बांधलेला खोटा टोळ पाण्यावर अलगद ठेवायचा. मासा टोळ तोंडात घेतो तेव्हा लगेच ओढायचं नाही, मनात तीन मोजायचे. क्लेम चार मोजत असावा. माशावर तरी विश्वास का ठेवावा? पकडलेला ट्राउट तो परत सोडून द्यायचा, ते बघून तर मी जास्तच चिडायचे.

जानेवारीअखेर तो माझ्या दारात उभा.

“कुंपण चढून गेलीस ना?”

“काय झालं ते तरी सांगा.”

“वरच्या डोहात शेंबूड आलाय.”

आम्ही दोघं वर गेलो. पाण्यातले दगड तपकिरी झाले होते. मला रडू फुटलं. आणि खोटं कशाला बोलू, चोर कोण ते कधी एकदा कळतंय असंही झालं होतं. कुलूप लागल्यापासून तिथे क्लेमशिवाय कोणी आलं नव्हतं.

“ख्रिसमसच्या आधी तुम्ही भावाच्या दफनाला शेजारच्या खोऱ्यात गेला होतात.”

“गेलो होतो. त्याच्या काठीने तिथे गळही टाकला. पण बूट दोनदा धुतले! गरम पाण्याने!”

“आणि फर्नला?”

फर्न डोहात पोटापर्यंत उभी राहून पाणी पीत होती.

“दिवसभर पोहत होती तिथे,” क्लेम हळूच म्हणाला. “दुसऱ्या दिवशी सकाळीच इथे आलो आम्ही.”

संध्याकाळी दुकानात जाऊन त्याने सगळ्यांसमोर हे आपल्या तोंडाने सांगितलं आणि फाटकाचं कुलूप काढलं. मला वाटलं होतं, आपल्याला बरं वाटेल. तसं काही झालं नाही.

डोंगरापलीकडचा ओढा अजून स्वच्छ आहे. फेब्रुवारीत मी पाहुणे घेऊन तिकडे निघाले, तेव्हा मुद्दाम त्याच्याकडे थांबले.

“चला की क्लेम. बूट मी स्वतः तपासते तुमचे.”

तो खिडकीतूनच बोलला. “तू जा, पोरी. तिथे मला नेऊ नकोस. माझा काही भरवसा नाही.”