मिस्त्री हो म्हणेल तेव्हा

इंजिन उघडून पुन्हा जोडलं की दोन-चार नटबोल्ट हमखास उरतात. खैरनार मिस्त्री ते बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकायचा आणि म्हणायचा, "उरलेले नाहीत, जास्तीचे होते." आमचे किस्सेही असेच साठलेत. कुठला कुठल्या गाडीतून निघाला ते आता नीट आठवत नाही, पण टाकवतही नाहीत.

मिस्त्रीचं गॅरेज अंबडला. माणूस मूळचा सटाण्याकडचा. एरवी आमच्यासारखंच बोलायचा, पण विषय गंभीर झाला की थेट अहिराणी. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही तिघं दर रविवारी तिथे पडीक असायचो. मी ओझरच्या विमान कारखान्यात फिटर, दुसरे दातांचे डॉक्टर भालेराव, आणि तिसरा मखमलाबादचा विलास, ज्याच्या घरी झेंडूची शेती. जुन्या गाड्यांना नवे पार्ट बसवून त्या मातीच्या ट्रॅकवर पळवायचं तिघांनाही वेड. पार्ट आम्ही आमच्या मनाने आणायचो. ट्यूनिंग कधी करायचं ते मात्र मिस्त्री ठरवायचा. आणि गाडीबद्दल तो कधी खोटं बोलला नाही. म्हणजे, एकदा सोडून.

* * *

डॉक्टरांनी मुंबईहून मोठा सायलेन्सर आणून बसवला आणि म्हणाले, आता ट्यून करून टाका. मिस्त्रीने नेहमीचा प्रश्न विचारला, काही बसवायचं राहिलंय का? डॉक्टर म्हणाले, तसं काही नाही, पुढच्या महिन्यात फक्त कार्ब्युरेटर मोठा टाकणार आहे.

मिस्त्रीने बॉनेट बंद केलं.

"डॉक्टर, दात काढायच्या आधी कवळीचं माप घेता का?"

"कधी कधी घेतो."

"म्हणूनच ती सैल बसते."

डॉक्टरांनी मुकाट्याने महिनाभर वाट पाहिली. त्या महिन्यात माझ्या वडिलांची कवळीही त्यांनी नव्याने करून दिली.

* * *

एकदा मिस्त्री गावी गेला होता, तेव्हा मी स्वतःच माझी गाडी ट्यून केली. डिसेंबरातली सकाळ, सात वाजलेले, तोंडातून वाफ निघत होती. इंजिन गारठलेलं, म्हणून मी पेट्रोल वाढवत गेलो, आणि ते असं सुरेख चालायला लागलं की मला स्वतःचाच अभिमान वाटला. शर्यत दुपारी एकला. उन्हात गाडीने काळा धूर सोडला आणि दुसऱ्या वळणावर ती बंद पडली.

मिस्त्रीने परत आल्यावर सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "शर्यत स्वेटर घालून होती का?"

सोमवारी मी कामावर पोचायच्या आधी हे वाक्य ओझरला पोचलं होतं.

* * *

ट्यूनिंग झालं की मिस्त्री गाडी त्र्यंबक रोडवर पिटाळायचा, परत आणायला सांगायचा आणि स्पार्क प्लग काढून चहाच्या ग्लासाशेजारी धरायचा. प्लगचं टोक चहाच्या रंगाचं असलं की गाडी पास. काळं असलं तर पेट्रोल जास्त, पांढरट असलं तर कमी.

एका आठवड्यात आमच्या तिन्ही गाड्या नापास झाल्या. मिस्त्री चार दिवस कार्ब्युरेटर उघडत बसला. पाचव्या दिवशी त्याने चहाचा एक घोट घेतला, थांबला आणि टपरीवाल्याला हाक मारली. त्याची म्हैस आटली होती आणि तो निम्म्या दुधात चहा करत होता.

मिस्त्रीने आमची माफी मागितली नाही. चहा बदलला.

* * *

आता विलासची गोष्ट. त्याच्या वडिलांना आम्ही सगळे आबाच म्हणायचो. आबांनी गाडी घेऊ दिली ती एकाच अटीवर, रोज पहाटे फुलांचे क्रेट त्याच गाडीतून मार्केटला गेले पाहिजेत. त्यामुळे गाडीचा एअर फिल्टर उघडला की झेंडूच्या पाकळ्या पडायच्या.

दोन वर्षांत गाडीने एकही शर्यत पूर्ण केली नाही. शेवटी आबांनी विंचूरचा एक कांदा व्यापारी गिऱ्हाईक म्हणून बघितला. दसऱ्यानंतरच्या सोमवारी तो येणार होता. त्याच्या आदल्या रविवारी विलासची शेवटची शर्यत. विलास जेवेनासा झाला होता. मलाही ते बघवत नव्हतं.

पार्ट सगळे बसवून झाले होते, तरी मिस्त्री हो म्हणेना. त्याने विचारलं, सकाळी थंड असताना गाडी कशी उठते? चढाला काय करते?  विलास हळूच म्हणाला, "पहाटे गाडी आबाच नेतात. मी झोपलेला असतो."

मिस्त्रीने पाना खाली ठेवला. "मग दोन वर्षं मी चुकीच्या माणसाला विचारतोय. आबांना आण."

* * *

आबा आले ते नाखुशीनेच. गॅरेजच्या दारातच उभे राहिले. मिस्त्रीने तेच दोन प्रश्न विचारले.

"थंडीत दोनदा खोकती, मग उठती," आबा म्हणाले. "मोकळी लय पळती. पण क्रेट भरले अन् चढ आला, की तिसऱ्या गेरला दम खाती. दोन पावलं. मंग परत ओढती. आन् गेल्या पुनवंपासून ब्रेक दाबला की डावीकडं बघती."

 गाडी विकायला निघालेला माणूस तिच्याबद्दल असं बोलत होता. मिस्त्री घड्याळाकडे बघून म्हणाला, दुपारी एकला करू, शर्यतीच्या वेळेला. विलासला त्याने बाहेर बसवलं आणि आबांना आत. दोन तास आबा ॲक्सिलरेटर दाबत आणि "आजून नाय, आजून नाय" म्हणत होते. मग एकदा म्हणाले, "हां."

पुढच्या रविवारी विलास शर्यतीत तिसरा आला. कप अगदी छोटा होता. आबांनी तो डॅशबोर्डवर ठेवून बघितला, हलत तर नाही ना म्हणून.

* * *

दुसऱ्या दिवशी व्यापारी थेट गॅरेजवर आला. गाडी पहिल्याच चावीला उठली. त्याने एक चक्कर मारली आणि उतरून म्हणाला, "आबा, ठरलं मग."

आबांनी बॉनेटवर हात ठेवला. विलास भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"शेठ," आबा म्हणाले, "गाडी आजून ट्यून व्हायची हाय."

"चालती तर झकास की हो."

"ते मिस्तरी सांगतील. ते म्हणतील तवा."

व्यापारी मिस्त्रीकडे वळला. मिस्त्रीने हात पुसले, बॉनेट उघडलं, आठ दिवसांपूर्वी स्वतः ट्यून केलेल्या त्या इंजिनात वाकून नीट बघितलं, कान लावून ऐकलं आणि मान हलवली.

"नही शे शेठ. गाडी तयार नही शे."