वीस दिवस परळला

"हाक मारली तर वळत नाही? तीन वर्षांची झाली ना?" गिरगावातले ते मुलांचे डॉक्टर माझ्याशी नाही, सासूबाईंशी बोलत होते. "सूनबाई शिकल्यात किती?"

"बी. ए. इंग्रजी घेऊन. शाळेत शिकवते."

"मग बरोबर. आई पुस्तकात, मूल मुकं."

सासूबाई हसल्या. कंपाउंडरही हसला. माझ्या मांडीवर माझी मुलगी, तुमची मावशी. रस्त्यावरून संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा चालला होता. घोषणांनी तिने कान गच्च दाबून घेतले होते. डॉक्टरांनी तिला हातसुद्धा लावला नाही.

मी वही पुढे केली. कोणत्या आवाजाला रडते, काय खाते, पाणी हवं असलं की 'पा' म्हणते पण आपल्याकडे बघत नाही. सहा महिने तारीखवार लिहिलं होतं. त्यांनी वही न उघडताच परत सरकवली.

"आई व्हा हो. इन्स्पेक्टर होऊ नका."

मग चिठ्ठी लिहिली. मूल सहा महिने आईपासून दूर ठेवावे. भेट नको.

आमचं घर कारकुनांचं. सहीनिशी कागद आला की तो हुकूम. सासऱ्यांनी चिठ्ठी फाइलला लावली. त्याच संध्याकाळी तुमच्या आजोबांनी मुलीला परळला, माझ्या धाकट्या नणंदेकडे पोचवलं. तिचे कपडे घड्या घालून मीच दिले. कुणी जबरदस्ती केली नाही. मीही कागदच मानला. ते कपडे अजून मला दिसतात.

विसाव्या दिवशी शाळा सुटल्यावर मी परळला गेले. ती गॅलरीच्या कठड्याशी उभी होती. कपाळावर टेंगूळ, जुन्यावर नवं. रोज तिथेच डोकं आपटत होती. मी पाण्याचं भांडं तिच्यासमोर धरलं. 'पा' म्हणाली नाही. पुन्हा कधीच म्हणाली नाही.

"वहिनी, डॉक्टरांनी भेटायचं नाही म्हटलंय ना?" नणंद म्हणाली.

"चपला आण तिच्या."

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन दवाखान्यात गेले. एकटीच. टेंगूळ दाखवलं.

"तुम्ही मध्येच आणलीत. गुण कसा येणार?"

"कळत नसेल तर कळत नाही म्हणा. माझ्यावर ढकलू नका."

"तुम्ही मला शिकवणार?"

"हो."

ऑटिझम हा शब्द मला भेटला तेव्हा तिचे केस पिकायला लागले होते. आईच्या शिक्षणाशी त्याचा काही संबंध नाही, हेही तेव्हाच वाचलं. तोवर ते डॉक्टर वारले होते. ऐकवायला कुणी उरलं नव्हतं.

मधू, तू पत्रात लिहितेस, तिकडे परदेशात तुझ्या बाळाला लस द्यायच्या वेळी डॉक्टर प्रश्नांचा कागद देतात. बाळ बोटाने दाखवतं का, हाकेला बघतं का. तुला त्यात अपमान वाटला. अगं, अपमान काय असतो ते वर लिहिलंय. तो कागद भर. खरं लिही. तुला शंका असूनही डॉक्टर "थांबा, बोलेल" म्हणाले, तर कुठे दाखवायचं ते तिथेच विचार. सांगेपर्यंत खुर्ची सोडू नकोस.

त्या डॉक्टरांना मी क्षमा केलेली नाही. स्वतःलाही नाही. करणारही नाही.