घाईची आणि कायमची

छापखान्याच्या मालकाची ती थोरली वहिनी, म्हणून मशीनवाल्यापासून कागद पोचवणाऱ्या टेम्पोवाल्यापर्यंत सगळेच तिला वहिनी म्हणत. तिच्या नवऱ्याचं शाईच्या वासाने डोकं उठायचं, म्हणून धंदा धाकट्या भावाने सांभाळला. वहिनी आधी नुसती मुद्रितं तपासायला यायची. मग पानं लावायला शिकली, आणि खिडकीजवळच्या संगणकापुढची खुर्ची तिची कधी झाली ते कुणाला कळलंच नाही.

तिचा खरा जीव होता तो शेवटच्या टप्प्यात, म्हणजे लावलेल्या पानांची छपाईसाठी फाईल काढण्यात. त्या वेळी ती चष्मा पुसून घेई आणि बजावे, "आता मला हाक मारू नका. आग लागली तर भाऊजींना सांगा."

गिऱ्हाइकाने विचारलं तर ती समजावून सांगे, "पडद्यावर एका फोटोवर दुसरा फोटो काचेसारखा ठेवता येतो. वरचाही दिसतो, खालचाही. पण छपाईची प्लेट बनवून देणाऱ्या आमच्या माणसाच्या जुन्या यंत्राला काच कळत नाही. शाई लावायची की नाही, एवढंच त्याला कळतं. म्हणून फाईल काढताना काचा वितळवून सगळं एका थरात आणावं लागतं." हे वितळवणं भरड करायचं की बारीक, ते सेटिंगमध्ये ठरवायचं. वहिनीने दोन सेटिंग्ज करून ठेवल्या होत्या आणि त्यांना नावंही दिली होती, 'घाईची' आणि 'कायमची'. घाईची फक्त नमुना दाखवण्यापुरती. तिच्यात पारदर्शक भाग भरड येई, पण फाईल झटकन निघे. प्लेट मात्र कायमचीवरूनच.

एकदा एका शिंप्याच्या दुकानाचं काम आलं. शिंपी वारला होता. मुलं दुकान नव्या जागेत नेत होती आणि उद्घाटनाला येणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकांना वाटायला वडिलांवर छोटी पुस्तिका काढत होती. मुलांबरोबर त्यांची आईही आली होती. पुस्तिकेत पानोपानी शिंपीच होता. शेवटच्या पानावर तो कापड बेतत उभा होता.

"आजी, तुमचा नाही का एखादा फोटो?" वहिनीने सहज विचारलं.

"मी कुठली दुकानात? मी पडद्यामागे. काजं करायची," म्हातारी हसत म्हणाली. "सगळ्या गावच्या कोटांची काजं माझी आणि नाव त्यांचं."

थोरला मुलगा उगाच घड्याळ बघू लागला. पण घरी जाऊन त्याने एक फोटो शोधून आणला. मांडीवर कोट घेऊन वाकलेली आई. वहिनीने तो शिंप्याच्या मागे फिकट करून ठेवला. किती फिकट, हे ठरवायला म्हातारी खुर्ची ओढून शेजारीच बसली.

"आणखी जरा. अगं, एवढी नको, ते रागावतील. मी मागेच बरी. पण दिसले पाहिजे."

दर फेरीला वहिनी घाईची फाईल काढून कागदावर दाखवी. "छापताना याहून स्वच्छ येईल हं, आजी," असंही सांगे. शेवटी म्हातारीने मान डोलावली.

घोटाळा झाला तो इथेच. शेवटची वापरलेली सेटिंग संगणक तशीच धरून ठेवतो. म्हातारीला जिना उतरवून देऊन वहिनी गप्पांच्या नादातच वर आली आणि पक्की फाईल काढून मोकळी झाली. चष्मा पुसायचाही राहिला.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी प्लेटा मशीनवर चढल्या. मशीनवाल्या काकांनी पहिले ताव तिच्या टेबलावर आणून टाकले. शिंपी सुरेख आला होता, अगदी कात्रीच्या धारेसकट. मागच्या बाईचा चेहरा म्हणजे मात्र चौकोनी ठिपक्यांचा नुसता ढीग. वहिनी खुर्चीतून उठली.

"काका, मशीन थांबवा."

"का? म्हातारा झकास आलाय की."

"म्हातारी बघा."

काकांनी ताव हातभर लांब धरला. "फिकटच आहे ती. कोण बघतंय?"

आवाज ऐकून दीर बाहेर आला. "वहिनी, नवी प्लेट मिळणार उद्या सकाळी. म्हणजे पुस्तिका दुपारी. तो थोरला माझी सालं काढेल."

"माझी काढेल. घाईचीवर मी काढलीय."

"आजवर कधी अशी चूक केली नाहीत."

"म्हणून आज करून टाकली."

काका खुदकन हसले. दीर हसला नाही. "याच भरड नमुन्याला त्यांनी होकार दिलाय ना? मग आपण कुठे अडकतो?"

हा विचार वहिनीच्याही मनात येऊन गेला होता. "स्वच्छ येईल असं मी त्यांना तोंडाने सांगितलंय, भाऊजी," ती म्हणाली आणि तिने फोन उचलला.

थोरला भडकलाच. "लोक सकाळी येणार. त्यांच्या हातात काय देऊ, चहाचा कप? वडील नीट आलेत ना? मग छापा तसंच."

"एकदा आईंना विचारू द्या."

फोन म्हातारीच्या हातात गेला. वहिनीने सगळं सांगितलं. चूक माझी आहे, नीट करायचं तर दुपार होईल, नाहीतर सकाळी मिळतील पण अशाच.

"मी ओळखू येते का गं?"

वहिनीने पुन्हा तावाकडे पाहिलं. खोटं बोलवेना. "बाई आहे एवढं कळतं, आजी."

"मग दुपारी आण." आणि मुलाला बोललेलंही फोनवर ऐकू आलं, "लोकांना कोट वेळेवर मिळावेत म्हणून मी काय कमी जागलेय? एकदा थांबू देत की त्यांना."

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी गठ्ठे घेऊन स्वतःच दुकानात गेली. बरीच माणसं येऊन गेली होती, काही रेंगाळली होती. थोरल्याने गठ्ठे उतरवून घेतले. म्हातारीने एक पुस्तिका उघडली आणि शेवटचं पान नाकाशी नेलं.

"हे बोट बघ. सुई घुसून सुजलं होतं. तरी कोट पुरा केला होता त्या दिवशी."

शेजारी उभे असलेले एक म्हातारे गिऱ्हाईक वाकून बघू लागले. "म्हणजे काजं तुमची होती?"

"सगळी," म्हातारी म्हणाली आणि मुलाकडे वळली. "सकाळी जे जे रिकाम्या हाताने गेले, त्यांच्या घरी तू स्वतः नेऊन दे. आणि नुसती हातात कोंबू नकोस. शेवटचं पान उघडून दे."

थोरल्याने वहिनीकडे एकवार पाहिलं, एक गठ्ठा काखेत मारला आणि तो स्कूटरची किल्ली शोधू लागला.