हिरडा उगवला तेव्हा

पौडच्या बाजारात अब्बांचं हिरडा-शिकेकाईचं दुकान होतं, मागं आमचं घर. घाटाकडच्या बाया हिरड्याची पोती घेऊन उतरायच्या आणि तो माल पुढं कातडी कमवायला, औषधांना जायचा. मी तेव्हा पुण्यात कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होते. एकदा सुट्टीत घरी आले तर ताम्हिणीकडची धनगर मावशी दुकानात बसलेली. दरवर्षी तीन-चार पोती आणणारी बाई, त्या वर्षी अर्धंच पोतं घेऊन आली होती.

"झाडंच ऱ्हायली न्हाईत, पोरी. कोळशाच्या भट्टीत गेली समदी."

"मग नवी लावू या," मी म्हटलं.

अब्बा हसले. "हिरडा लावून येत न्हाई. त्यो आपला आपन येतो."

त्या हसण्यानं मी पेटले. मावशीकडून पिकून गळलेली फळं मागवली, गर काढून बिया परसात पेरल्या. अख्खा पावसाळा गेला, एक कोंब दिसला नाही. शेवटी एक बी उकरून फोडली. आतून कोरडी ठणठणीत! कवच इतकं टणक, की पाणी आत शिरतच नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात अम्मीचा अडकित्ता घेऊन बसले. पहिल्या बिया आतल्या दाण्यासकट दुभंगल्या. अम्मीनं अडकित्ता माझ्या हातातून काढून घेतला.

"सुपारी फोडतीस व्हय? कान टोचल्यावानी हलक्या हातानं कर."

मग दोघींनी बियांचं फक्त बोथट टोक उडवलं, त्या घमेल्यात भिजत घातल्या आणि तेलाच्या जुन्या डब्यांत माती भरून पेरल्या.

पावसाळ्यात मी सुट्टीला घरी आले होते, तेव्हा एका सकाळी अम्मी परसातून ओरडली. मी अनवाणी धावले. माती दुभंगून एक जाडसर कोंब वर आला होता. दोन दिवसांत डब्याडब्यांतून कोंब! अब्बा तराजूवरचं गिऱ्हाईक तसंच सोडून आले, डब्यापाशी उकिडवे बसले आणि मग शेजारच्या शिंप्याला, चहावाल्याला हाका मारत सुटले, "अरं या, पोरीनं हिरडा उगवून दावलाय!"

पुढच्या पावसात रोपं एसटीच्या टपावर चढवून आम्ही ताम्हिणीला नेली. मावशीनं लेकीसुनांना घेऊन उतारावर खड्डे खणले होते. प्रत्येक रोपाभोवती तिनं करवंदीच्या काट्या रोवल्या आणि स्वतःच्याच शेळ्यांना दम भरला, "हितं तोंड घालाल तर तंगडं मोडीन!"

उन्हाळ्यात काही रोपं जळाली. बाकीच्यांनी मात्र मूळ धरलं. पाऊस पडताच सगळ्या उतारावर कोवळी पालवी फुटली. ती बघताना मला ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडलेच. मावशी खालून त्याहून मोठ्यानं ओरडली.

मग आसपासच्या वाड्यांतल्या बाया रोपं मागायला आल्या. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या परसात पाय ठेवायला जागा उरली नाही. अम्मी मधोमध पाटावर बसून एकेकीला बिया कातरायला शिकवत होती आणि अब्बा तेलाचे डबे गोळा करत अख्खा बाजार पालथा घालत होते.