तराजूमावशीच्या एक्केचाळीस सह्या

प्रयोगशाळेत तिला सगळे तराजूमावशी म्हणायचे. जिवाणू वाढवायला झाकणाच्या बशांमध्ये जे खाद्य ओततात, ते शिजवायचं काम एकतीस वर्षं तिच्याकडे होतं. पंधरा ग्रॅम म्हणजे पंधरा ग्रॅम; कणभर जास्त पडलं तरी चमच्याच्या टोकाने परत काढायची. प्रत्येक घाण्याची वहीत नोंद आणि खाली सही. घरी मात्र ही बाई भाजीत मीठ अंदाजपंचे टाकायची. "तिथल्या जंतूंचे लाड, आणि आमच्या नशिबी खारट," असं तिचा निवृत्त शिंपी नवरा म्हणायचा आणि आणखी वाढून घ्यायचा.

तिथेच एक मुलगी डॉक्टरेटसाठी पाच वर्षं माती चिवडत होती. एका बंद वीटभट्टीमागच्या मातीत तिला एक जिवाणू सापडला. बारा दिवसांनी उगवणारा, टाचणीच्या टोकाएवढे फिकट केशरी ठिपके. त्याची जनुकं ताडून पाहिली, तर माहितीतल्या कुठल्याच जातीशी पुरेशी जुळेनात. कुठली साखर खातो, किती उष्णता सोसतो, सगळं तपासून झालं. जात नवी होती. पण तसं नुसतं म्हणून भागत नाही. जिवंत नमुना दोन देशांतल्या दोन जिवाणू-संग्रहांकडे पाठवायचा, त्यांनी तो आपल्याकडे वाढवून दाखला द्यायचा, तेव्हा कुठे नाव पक्कं होतं.

दोन्हीकडून उत्तर आलं, की दिलेल्या कृतीप्रमाणे खाद्य केलं, काही उगवलं नाही. मग मुलीने गोठवून ठेवलेल्या नमुन्यातून इथेच पुन्हा वाढवून पाहिला. तीन वेळा. बशा कोऱ्याच्या कोऱ्या. विभागप्रमुख मॅडमनी साहजिकच खापर मुलीच्या डोक्यावर फोडलं.

"मावशींच्या खाद्यात चूक असणार नाही," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "तुझंच काहीतरी चुकतंय. महिन्याभरात उगवून दाखव, नाहीतर हा विषय सोड."

मुलगी खाली मान घालून उभी होती. मावशी बाटल्या धूत होती. तिला तेव्हाच आठवलं.

मागच्या वर्षी पाणी शुद्ध करायचं यंत्र बिघडलं होतं. नवं येईपर्यंत दोन महिने गेले. शेजारच्या विभागात शुद्ध पाण्यासाठी तासन्‌तास ताटकळायला लागायचं, आणि मावशीचे गुडघे तेव्हा बोलायला लागले होते. तिने सरळ नळ सोडला. वहीत मात्र सवयीने ‘शुद्ध पाणी’ लिहिलं आणि सही ठोकली. हा केशरी पाहुणा त्याच दोन महिन्यांत उगवला होता, आणि त्याच्या सगळ्या चाचण्याही त्याच खाद्यावर झाल्या होत्या.

निवृत्तीला सात आठवडे उरले होते. एकतीस वर्षांत मिळवलेली एकच गोष्ट तिच्याकडे होती, ती म्हणजे तिच्या सहीवरचा विश्वास. तिने कोणाला काही सांगितलं नाही. गपचूप नळाच्या पाण्याचा छोटा घाणा शिजवला, गोठवलेल्या नमुन्यातला थेंबभर घेऊन चार बशांत पसरला आणि त्या उबदार कपाटात मागे ठेवून दिल्या. रोज सकाळी पाहायची. काही उगवू नये, असं तिला मनापासून वाटत होतं. आणि रोज दुपारी ती मुलगी शेजारी बसून, न जेवता, डबा तसाच बंद करायची. मावशीला तिच्याकडे बघवत नसे.

बाराव्या दिवशी चारही बशांत केशरी ठिपके होते.

मावशीने बशा ट्रेमध्ये ठेवल्या, वही काखेत मारली आणि मॅडमच्या खोलीत गेली. मुलगी तिथेच होती.

"मॅडम, हिचे हात स्वच्छ आहेत. मीच नळाचं पाणी वापरलं होतं. दोन महिने. आणि वहीत खोटं लिहिलं."

मॅडमनी एक बशी उजेडात धरली, मग दुसरी.

"त्या दोन महिन्यांतले बाकीच्यांचे प्रयोगही तपासायला लागतील, मावशी."

"हो. तारखा मी देते."

"मावशी, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" मुलीने विचारलं.

"बारा दिवस."

मुलीचे डोळे भरून आले. ती रागावली होती, आणि तो राग रास्तच होता. ती उठून बाहेर गेली. मावशी आपल्या टेबलाशी आली आणि लाल पेनाने एकेक नोंद खोडायला लागली. ‘शुद्ध’ काटायचं, वर ‘नळाचे’ लिहायचं, बाजूला सही. अकराव्या नोंदीला शेजारी खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तुम्ही सह्या करा. तारखा मी वाचते," मुलगी म्हणाली.

अशा एक्केचाळीस सह्या झाल्या.

दुरुस्त कृती दोन्ही संग्रहांकडे गेली. पाण्यातल्या कुठल्या क्षारावाचून त्याचं अडतं ते मुलीने शोधलं आणि तेही कळवलं. दोन्हीकडे तो उगवला.

शोधनिबंध छापून आला तेव्हा मावशी निवृत्त होऊन घरी बसली होती. मुलगी स्वतः प्रत देऊन गेली. नवऱ्याने चष्मा लावून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली.

"अगं, यात तुझं नाव कुठंय?"

मावशीने चौथं पान उघडलं. नव्या जातीच्या वर्णनात, वाढवायच्या कृतीच्या ओळीत, ‘नळाचे पाणी’ असं छापलं होतं. तिने त्यावर बोट ठेवलं.

"ही मी," ती म्हणाली.